दीड हजार रियालचं पत्र: दापोलीचा आचारी, कतारचा तळ आणि पगाराचा हिशेब

दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या गावातला तिशीतला आचारी. हर्णै-मुरूडच्या पट्ट्यात एका रिसॉर्टचं किचन सांभाळतो. दिवाळी, नाताळ आणि मे महिना तुडुंब, पाऊस लागला की शटर खाली. एजंटाने व्हॉट्सअ‍ॅपवर एक पानाचं ऑफर लेटर पाठवलं: कतारमधल्या अल उदैद या अमेरिकी लष्करी तळावरच्या मेसमध्ये कुक, पगार १,५०० रियाल, राहणं कंपनीचं. घरात पेढे आले.

हे प्रकरण कुणा एकाचं नाही. किनारपट्टीवरच्या घरांत येणाऱ्या पत्रांत पुन्हापुन्हा दिसणाऱ्या गोष्टी इथे एकाच पत्रात गोळा केल्या आहेत. पगार, खर्च आणि व्याजाचे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, रियाल २३ रुपयांचा धरला आहे. कायद्यातले आकडे आणि तारखा मात्र खऱ्या आहेत.

पत्रातल्या कामाच्या ओळी पाचच होत्या. बेसिक १,००० रियाल. फूड अलाउन्स ३००. फिक्स्ड ओटी, म्हणजे ठरावीक ओव्हरटाईम, २००. ड्युटी १२ तास, आठवड्याला सहा दिवस. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात, ‘ड्युटीच्या वेळा कामाच्या गरजेनुसार बदलतील’. एजंटाने तोंडी सांगितलेला खर्च १ लाख २० हजार रुपये, अर्धे आधी आणि अर्धे व्हिसा आल्यावर.

कुवेतला बारा वर्षं काढून परतलेल्या मामांनी पत्र हातात घेतलं आणि एकच विचारलं, “टोटल ऱ्हाऊ दे. बेसिक किती लिवलानी?” सगळं प्रकरण या एका प्रश्नाभोवती फिरतं.

पगार ठरवतं कोण?

परक्या देशातल्या लष्करी तळावर एकाच भटारखान्यात तीन जातींचे पगार शिजतात. पहिला, फौजेच्या देशातून आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याचा. दुसरा, तळ ज्या देशात आहे तिथल्या स्थानिक माणसाचा. तिसरा, तिसऱ्याच देशातून कंत्राटदाराने आणलेल्या माणसाचा. आपला आचारी तिसऱ्या रांगेत उभा आहे.

दुसऱ्या रांगेसाठी जगात बरीच बांधीव व्यवस्था आहे. १९५१ च्या नाटो फौजा करारातलं नववं कलम सांगतं की स्थानिक नागरी कामगारांचा पगार, भत्ते आणि संरक्षण यजमान देशाच्या कायद्याप्रमाणेच असेल. जर्मनीत १९६६ पासून परदेशी फौजांच्या कामगारांसाठी एक सामूहिक पगार करार चालत आलेला आहे. जपानमध्ये तर अमेरिकी तळावरच्या जपानी कामगारांचा कायदेशीर मालक जपान सरकार आहे. काम अमेरिकी फौजेचं, पण पगार तिथल्या सरकारी नोकरांच्या पगाराला धरून. अमेरिका जिथे स्थानिकांना थेट नोकरीला घेते तिथे १९८० च्या त्यांच्या परराष्ट्र सेवा कायद्याचं तत्त्व लागतं: त्या परिसरात तशाच कामाला जे दर आणि ज्या सवलती चालू असतील, त्यांच्या आधारे पगार. त्यासाठी आसपासच्या कंपन्यांची पाहणी होते. पदांची नावं नव्हे, प्रत्यक्ष कामं एकमेकांशी जुळवून पाहतात, आणि नुसता पगार न पाहता बोनस, जेवण, रजा असं सगळं मोजतात.

ही व्यवस्था आपोआप आलेली नाही. जिब्राल्टरमध्ये ब्रिटिश संरक्षण खात्याच्या स्थानिक कामगारांना ब्रिटनमधल्या कामगारांइतका पगार मिळाला तो १९७८ मध्ये, अनेक वर्षांच्या भांडणानंतर. आणि व्यवस्था असूनही दगा होतो. दक्षिण कोरियात अमेरिकी फौजेच्या खर्चवाटपाचा करार रखडला तेव्हा १ एप्रिल २०२० ला तळांवरच्या सुमारे ४,००० कोरियन कामगारांना बिनपगारी घरी बसवलं गेलं.

आखातात गोष्ट वेगळी. कतारचा नागरिक मेसमध्ये कांदा चिरायला येत नाही. तिथला ‘स्थानिक बाजारभाव’ म्हणजे केरळ, नेपाळ, फिलिपाईन्स आणि कोकणातून आलेल्या माणसांना दुसरे कंत्राटदार काय देतात तो भाव. पाहणी केली तरी ती आपल्याच शेपटीमागे फिरते. त्यात एकाच तव्यावर उभ्या असलेल्या दोघांचे पगार पासपोर्टच्या रंगावरून वेगळे असण्याची आखातातली जुनी सवय या भावात आधीच मुरलेली असते. अमेरिकेचा किमान वेतन कायदा त्यांच्या परदेशातल्या तळांवर लागू होत नाही, त्यामुळे ‘अमेरिकन तळ म्हणजे अमेरिकन पगार’ ही एजंटाची ओळ निव्वळ हवा आहे. तिसऱ्या रांगेतल्या माणसाच्या हाती दोनच दोऱ्या राहतात: कतारचा श्रम कायदा आणि अमेरिकी कंत्राटातल्या अटी.

पहिली दोरी: कतारचा कायदा

२० मार्च २०२१ पासून कतारमध्ये सर्व देशांच्या कामगारांना एकच किमान वेतन आहे: बेसिक १,००० रियाल. राहण्याची सोय मालकाने केली नाही तर त्याचे ५०० आणि जेवणाची केली नाही तर ३०० वेगळे. म्हणजे पत्रातला बेसिक कायद्याच्या अगदी तळाला टेकलेला आहे. भांडी घासणाऱ्यालाही यापेक्षा कमी देता येत नाही. दोनशे माणसांची बिर्याणी एकहाती काढणाऱ्या कुकला हेल्परचा दर लावलाय, हे इथेच दिसतं.

आता तास. कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास. ओव्हरटाईम धरून दिवसाला १० च्या वर नाही, आणीबाणी सोडून. जेवण-विश्रांतीची सुट्टी किमान एक तास, ती कामाच्या तासांत धरत नाहीत. राहण्याच्या कॅम्पवरून तळापर्यंतचा बसचा प्रवासही धरत नाहीत, आणि तळावर गेटवरची तपासणी, ओळखपत्राची रांग यात वेळ जातोच. बारा तासांची ड्युटी म्हणजे कॅम्पमधून निघून परत येईपर्यंत सहज चौदा.

पत्रात सुट्टीचा उल्लेख नाही. एकच तास सुट्टी धरली तर प्रत्यक्ष काम ११ तास. कायद्याची १० ची रेघ पत्रानेच ओलांडली.

ओव्हरटाईमचा दर बेसिकवर किमान २५ टक्के जास्त. बेसिक १,००० भागिले ३० भागिले ८ म्हणजे तासाला ४.१७ रियाल, त्यावर २५ टक्के म्हणजे ५.२१. रोज ३ तास, महिन्याचे २६ दिवस, असे ७८ तास. कायद्याने होतात ४०६ रियाल. पत्रात आहेत २००. ‘फिक्स्ड ओटी’ हा शब्द ऐकायला भत्त्यासारखा वाटतो, पण त्या २०० रियालमध्ये जेमतेम ३८ तास बसतात, म्हणजे दिवसाला दीड तास. उरलेले ४० तास फुकट.

अशा पत्रांत नेमकं हेच बिघडतं. बेरीज मोठी दिसावी म्हणून ओटी आधीच बेरजेत कोंबतात, मग ओटी किती केला हे मोजायचं कारणच उरत नाही. टाइमशीटवर रोज ‘८’ लिहिलं जातं आणि खाली सही होते.

रात्रीच्या कामाचंही असंच. रात्री ९ ते पहाटे ३ या वेळेतल्या कामाला ५० टक्के जास्त द्यायचे असतात, पण शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना त्यातून वगळलं आहे. लष्करी मेसमध्ये मध्यरात्रीचंही जेवण निघू शकतं. त्या कामावर टाकलं तर आपण ‘शिफ्ट’मध्ये धरले जातो की नाही, हे सही करण्याआधी विचारायचं. नंतर विचारून उपयोग नाही.

मामांचा प्रश्न इथे परत येतो. ओटी बेसिकवर. नोकरी सुटताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर: एक वर्ष पूर्ण झाल्यावर दर वर्षाला किमान तीन आठवड्यांचा बेसिक. १,००० बेसिकला वर्षाचे ७०० रियाल, १,३०० बेसिकला ९१०. टोटल तीच ठेवून बेसिक घटवला आणि भत्ते फुगवले की या सगळ्याला गळती लागते. ही गळती पहिल्या महिन्यात कळत नाही, परत येताना विमानतळावर कळते.

दुसरी दोरी: कंत्राटातल्या अटी

अमेरिकी सरकारी कंत्राटांमध्ये मानवी तस्करीविरोधी अटी असतात, आणि त्या उपकंत्राटदाराला व भरती करणाऱ्या एजंटालाही बांधतात. त्यातल्या चार इथे कामाच्या. कामगाराकडून भरतीचं कसलंही शुल्क घ्यायचं नाही. पासपोर्ट ताब्यात ठेवायचा नाही. कामासाठी बाहेरच्या देशातून आणलेल्या माणसाच्या परतीच्या प्रवासाचा खर्च द्यायचा. लेखी करार देणं बंधनकारक असेल तिथे तो कामगाराला समजेल अशा भाषेत, आणि घर सोडून निघण्याच्या किमान ५ दिवस आधी.

भारतीय नियमानुसार नोंदणीकृत एजंटाला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेता येतो, म्हणजे १८ टक्क्यांनी ३५,४००. एजंट या आकड्याकडे बोट दाखवतो आणि उरलेल्याला ‘व्हिसाचा खर्च’ म्हणतो. पण तळावरच्या कंत्राटी नोकरीसाठी ते ३०,००० सुद्धा कामगाराच्या खिशातून जायला नकोत. कुठल्याही रकमेची पावती मागायची. पावतीचं नाव काढलं की बहुतेक वेळा रक्कम आपोआप खाली येते.

हे शुल्क पगाराच्या हिशेबात कसं उतरतं ते पाहू. १ लाख २० हजार रुपये सावकाराकडून शेकडा दोन रुपये दरमहा व्याजाने आणले आणि मुद्दल २४ सारख्या मासिक हप्त्यांत फेडलं, तर घटत्या बाकीवर व्याजाचे ३०,००० होतात. एकूण दीड लाख, महिन्याला सरासरी ६,२५० रुपये, म्हणजे सुमारे २७२ रियाल. १,५०० चा पगार पहिल्याच दिवशी १,२२८ वर आला.

पुढे जाऊ. साबण, मोबाईल, शुक्रवारचा चहा धरून महिन्याला २५० रियाल अंगावर खर्च. घरी पाठवायला उरले ९७८ रियाल, म्हणजे २२,४९४ रुपये. त्यासाठी महिन्याला ११ गुणिले २६, २८६ तास काम. तासाला ७९ रुपये.

रिसॉर्टवर जेवून-राहून १८,००० धरले, अंगावर २,००० खर्च, उरले १६,०००. दिवसाला १० तासांनी २६० तास. तासाला ६२ रुपये. म्हणजे तासामागे १७ रुपयांच्या फरकासाठी दोन वर्षं घर सोडायचं. खरं तर एवढ्यावर निकाल लावणं चूक होईल, कारण रिसॉर्ट वर्षातले नऊच महिने चालतं आणि तिकडे बारा महिने पगार येतो. वर्षाचे पकडले तर १ लाख ४४ हजार विरुद्ध सुमारे २ लाख ७० हजार. जाण्यात फायदा आहेच. हर्णै बंदरावरचा खलाशीही हाच विचार करतो: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा वाट्यावरच्या कमाईलाही दोन महिन्यांचा खड्डा. घरात कोणी ‘जाऊ नको’ म्हणत नव्हतं. प्रश्न होता, कुठल्या कागदावर जायचं.

पासपोर्टमधला एक विरोधाभास

आचारी दहावी पास. त्यामुळे पासपोर्टवर ‘एमिग्रेशन तपासणी आवश्यक’ (ईसीआर) हा शिक्का लागत नाही, आणि एजंटाने ते ‘तुमचं काम सोपं झालं’ असं सांगितलं. सोपं झालं ते एजंटाचं. दहावी नापास माणूस कतारसारख्या देशात नोकरीला जाताना त्याचा करार ईमायग्रेट या सरकारी पोर्टलवरून सरकारी नजरेखालून जातो, सरकारने ठरवलेला किमान शिफारस पगार तिथे तपासला जातो. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, तो खाली आणला होता आणि २०२१ मध्ये पूर्ववत झाला. प्रवासी भारतीय बीमा योजनेचा १० लाखांचा अपघात विमाही याच वाटेने सक्तीने उतरवला जातो, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. शिकलेल्याला ही चाळणी लागत नाही. त्याने स्वतः चाळायचं.

चाळायचं म्हणजे तीन कागद एकाशेजारी एक ठेवायचे: एजंटाचं ऑफर लेटर, कंपनीच्या सही-शिक्क्याचा करार, आणि मुंबईतल्या कतार व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे देताना पडद्यावर दिसणारा करार. तिथेच मेडिकल होतं, तिथेच डिजिटल सही. मागे रांग असते, माणूस घाईत सही करतो. पाहायच्या जागा चार: पद, बेसिक, जेवण, तास. ऑफर लेटरवर ‘कुक’ आणि पडद्यावर ‘किचन हेल्पर’ असेल तर सही करायची नाही, तारीख पुढची घ्यायची. पद खाली गेलं की पुढे पगारवाढ मागायला पायच उरत नाही.

अपघात झाला तर

पगाराच्या चर्चेत हा विषय अपशकुनी म्हणून टाळतात, पण इथेही बेसिक आणि ओटीच पुढे येतात. परदेशातल्या अमेरिकी तळांवर कंत्राटदाराच्या कामगारांना १९४१ चा डिफेन्स बेस अ‍ॅक्ट लागू होतो, राष्ट्रीयत्व कुठलंही असो. कंत्राटदाराला विमा घ्यावाच लागतो. काम करता येत नसेल तोवर सरासरी साप्ताहिक पगाराच्या दोन तृतीयांश भरपाई, उपचाराचा खर्च वेगळा. अपघाताची लेखी खबर ३० दिवसांत, दावा साधारण एका वर्षात.

ही सरासरी कागदावर दिसणाऱ्या कमाईची. पत्रातल्या १,५०० वर आठवड्याला ३४६ रियाल पडतात, त्याचे दोन तृतीयांश २३१. फुकट गेलेले चाळीस तास टाइमशीटवर नसतील तर ते इथेही मोजले जात नाहीत. उकळतं तेल अंगावर सांडलेल्या माणसाला दुसऱ्यांदा नाडलं जातं. २३ जून २०२५ ला याच तळावर इराणची क्षेपणास्त्रं आली होती, त्यामुळे घरच्यांनी धोका-भत्त्याचंही विचारलं. अमेरिकी सरकारी कर्मचाऱ्यांचा तो भत्ता कंत्राटदाराच्या माणसाला आपोआप मिळत नाही. करारात लिहिला असेल तरच.

मागणी आणि उत्तर

एजंटाला उलट पाठवलेला मजकूर सहा ओळींचा होता. बेसिक १,३००, कुक म्हणून. फूड अलाउन्स ३०० किंवा तळावर तीन वेळचं जेवण, यातलं नेमकं काय ते लिहावं. फिक्स्ड ओटी काढावा, आठ तासांनंतरचा प्रत्येक तास टाइमशीटप्रमाणे. दिवसाला जास्तीत जास्त १० तास काम, दोन तास सुट्टी. भरतीचं शुल्क शून्य, आणि ‘शुल्क घेतलेलं नाही’ हे करारात. पासपोर्ट कामगाराकडे.

नऊ दिवस फोन बंद. मग आधी, “अशा अटी घालणाऱ्यांना कंपनी घेत नाही.” त्यानंतर दोन दिवसांनी नवं पत्र. चांगला कुक मिळणं सोपं नाही आणि मेस एक दिवसही बंद ठेवता येत नाही, ही कंत्राटदाराची अडचण. घासाघीस करताना ती लक्षात ठेवावी.

नव्या पत्रात बेसिक १,१००. मागितलेले १,३०० मिळाले नाहीत. जेवणाचे ३०० कायम, ओटी टाइमशीटप्रमाणे, शुल्क नाही. १,१०० बेसिकला ओटीचा तास ५.७३ रियाल, रोजच्या दोन तासांनी महिन्याचे ५२ तास, २९८ रियाल. एकूण १,६९८. कर्ज नाही, म्हणून कापायचंही काही नाही. अंगावरचे २५० वजा जाता १,४४८ रियाल, ३३,३०४ रुपये, २६० तासांना. तासाला १२८ रुपये. पत्रावरची बेरीज १९८ रियालने वाढली, घरी पोहोचणारी रक्कम मात्र ४७० रियालने, म्हणजे जवळजवळ अकरा हजार रुपयांनी.

‘ड्युटीच्या वेळा गरजेनुसार बदलतील’ ही ओळ काही निघाली नाही. तिच्यापुढे ‘दिवसाला १० तासांच्या आत’ एवढं जोडून घेतलं.

पहिली स्लिप

कतारमध्ये पगार बँकेतून, वेतन संरक्षण पद्धतीने, देय तारखेपासून सात दिवसांत जमा व्हावा लागतो. पहिल्या महिन्याची स्लिप आली. ओटीचे तास ४४. आचाऱ्याकडे खिशातली वही होती, रोज कामावर चढल्याची आणि उतरल्याची वेळ, सुट्टीच्या वेळा, त्या दिवशीच्या सुपरवायझरचं नाव. दर शुक्रवारी त्या पानाचा फोटो बायकोच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जायचा, वही हरवली तरी तारखेसह नोंद राहावी म्हणून. वहीत ५२ तास. फरक ८ तासांचा, सुमारे ४६ रियाल.

पहिली पायरी कंपनीच्या टाइमकीपरकडे, लेखी, वहीच्या पानांसह. तिथे नाही जमलं तर कतारच्या श्रम मंत्रालयाकडे तक्रार, तिथून वाद निवारण समिती. समितीने पहिल्या सुनावणीपासून तीन आठवड्यांत निकाल द्यायचा असतो, आणि पगाराचा दावा नोकरीचा करार संपल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. शुल्क किंवा पासपोर्टचा प्रश्न असेल तर तळावर तस्करीविरोधी हॉटलाइनची सूचना लावलेली असते, तिचा फोटो पहिल्याच आठवड्यात काढून ठेवावा. शिवाय २०२० च्या बदलानंतर मालकाच्या ना-हरकत पत्राशिवाय नोकरी बदलता येते: दोन वर्षांच्या आत एक महिन्याची नोटीस, पुढे दोन महिन्यांची.

टाइमकीपरने पाच दिवस सलग ‘साडेनऊ’ लिहिलं होतं, कारण मेस साडेनऊला बंद होते. भांडी, फ्रायर आणि फरशी आवरायला लागणारा वेळ त्याच्या शीटमध्ये रकाना नसल्यामुळे कुठेच नव्हता. पुढच्या महिन्यात ४६ रियाल जमा झाले आणि शीटवर ‘सफाई’ असा एक रकाना आला.